कॅमेऱ्याचे दफ्तर

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा विकत घ्यावयास गेलेला मनुष्य दुकानदारास जे प्रश्न विचारीत असे ते भिंगाविषयीचे, झूमविषयीचे आणि मेगापिक्सेल नामक त्या मोहक संख्येविषयीचे असत. परंतु त्याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर, छायाचित्रणाच्या रकान्याशेजारी, पान्याचे किंवा हातोडी-पान्याचे चिन्ह धारण करणारा जो दुसरा एक रकाना असे, आणि ज्यात तारीख, घड्याळ, क्रमांक, आवाज, भाषा, वीजबचत अशा रुक्ष बाबींची जंत्री एकाखाली एक मांडलेली असे, त्याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सेटअप या नावाचा हा रकाना म्हणजे कॅमेऱ्याचे दफ्तर होय. भिंग पाहते, पाहिलेले सेन्सरवर उमटते, आणि मग ते केव्हा पाहिले, कितवे पाहिले, कोणत्या नावाने कोठे ठेवले याची नोंद हे दफ्तर करते. माझी उमेदीची सारी वर्षे सरकारी कचेरीत बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदीच्या, टेबलाशेजारी गेली म्हणून असेल, पण या यंत्रातील चित्रकारापेक्षा त्यातील कारकुनाविषयी मला अधिक जिव्हाळा वाटत आलेला आहे. आणि वर्षे लोटली तसे माझे असे मतच बनले आहे, की घरोघरच्या संग्रहांत जे काही शिल्लक उरले ते या कारकुनाच्या शिरस्त्यामुळे उरले, आणि कंपन्यांनी खास आपल्यासाठी म्हणून जे जे सजवून दिले ते बहुतेक लयाला गेले.

फिल्मच्या साध्या घरगुती कॅमेऱ्यास असे दफ्तर नव्हते, कारण ते मांडावयास त्याच्या अंगावर जागाच नव्हती. फिल्मचा वेग सांगणारी एक चकती आणि किती चित्रे झाली हे दाखविणारी एक बारीक खिडकी एवढ्यावर त्याचा कारभार चाले, आणि चित्रामागे तारीख घालण्याचे काम घरातील एखाद्या ज्येष्ठाचे शाईचे पेन करी. १९९५ साली कॅसिओने क्यूव्ही-१० हा कॅमेरा बाजारात आणला आणि त्याच्या पाठीवर १.८ इंची रंगीत पडदा बसविला. त्याची चित्रे आजच्या मानाने अगदीच खरबरीत, अडीच लाख बिंदूंच्या सेन्सरवर घेतलेली, आणि त्याच्या पोटात ती ९६ मावत. तथापि, काढलेले चित्र तेथल्या तेथे पाहता यावे म्हणून आलेल्या त्या पडद्याने यंत्राला माणसाशी बोलण्याचे साधन दिले, आणि एकदा बोलता येऊ लागल्यावर यंत्राने जे प्रश्न विचारावयास प्रारंभ केला ते पुढील दहा वर्षांत दोन-तीन पडदे भरूनही संपेनासे झाले.

दफ्तराच्या कलमांत अव्वल कलम घड्याळाचे. नव्या कॅमेऱ्यात बॅटरी घातली की त्याचा पहिला प्रश्न तारखेचा असतो, आणि चित्र काढण्यास उतावीळ झालेला मालक ‘नंतर बघू’ म्हणून तो बहुधा टाळतो. मुख्य बॅटरीखेरीज कॅमेऱ्याच्या पोटात आणखी एक चिमुकली बॅटरी असते. मुख्य बॅटरी बाहेर काढून ठेवली असता काही काळ तीच घड्याळ चालते ठेवते, आणि तिचाही दम संपला म्हणजे घड्याळ कारखान्याने नेमून दिलेल्या आरंभावर, म्हणजे बहुतकरून कोठल्यातरी सालच्या एक जानेवारीवर, जाऊन बसते. कित्येक कुटुंबांच्या संग्रहांत बारसे, मुंज, गणपती आणि कोकणातील आंब्यांची अढी हे सारे एक जानेवारीलाच घडलेले आढळते, ते यामुळे. घड्याळाने सांगितलेली वेळ चित्राच्या फाइलमध्येच, एक्झिफ नावाच्या नोंदीत, लिहिली जाते. जपानी उद्योगाच्या संघटनेने १९९५ साली या नोंदीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तिच्यात साल, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद या सर्वांना जागा दिली, परंतु ही वेळ कोणत्या मुलखाची हे लिहिण्यास मात्र जागा ठेवली नाही. ती तरतूद २०१६ सालच्या सुधारणेत झाली, आणि तोवर छोट्या कॅमेऱ्यांचा जमाना मावळत आला होता.

या उणिवेचा परिणाम काय होतो तो माझ्या एका भाचीच्या लग्नात आम्ही सर्वांनी पाहिला. लग्न मे महिन्यातले, मुहूर्त दुपारी १२ वाजून १० मिनिटांचा. वराकडचे, आमच्याकडचे आणि न्यू जर्सीहून आलेल्या एका पुतण्याचे असे तीन-चार कॅमेरे मांडवात फिरत होते. चार दिवसांनी सगळ्यांची चित्रे एका संगणकावर गोळा करून वेळेच्या क्रमाने लावली, तेव्हा पुतण्याचा कॅमेरा न्यू जर्सीच्याच वेळेवर राहिला होता हे उघडकीस आले. उन्हाळ्यात तिकडील घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागे असल्यामुळे त्याने टिपलेल्या अक्षता पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी पडल्या होत्या, पंगती चारच्या सुमारास उठल्या होत्या, आणि इतके सर्व यथासांग पार पडल्यानंतर, सकाळी आठ वाजता, आमच्याकडच्या कॅमेऱ्याच्या साक्षीने वधूला हळद लागत होती. माझी बहीण, म्हणजे वधूची आई, चष्मा पुसून दोनदा बघून म्हणाली, ‘‘दादा, ह्यात तर आधी पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या आणि मग हळद लागली!’’ पुतण्याने आपल्या सर्व चित्रांच्या नोंदींत एकदम साडेनऊ तास मिळवून तो घोळ निस्तरला. सेटअपच्या रकान्यात ‘घर’ आणि ‘प्रवास’ अशी दोन घड्याळे लावून ठेवण्याची मुभा असते, आणि उन्हाळी वेळेसाठी वेगळी खूणही असते. विमानात बसताना अर्धे मिनिट तेथे खर्च केले असते तर वधूची हळद मुहूर्ताआधी लागली असती.

त्या ‘प्रवास’ कलमात जगाचा नकाशा येतो आणि त्यावर शहरांची नावे येतात. आपल्या साडेपाच तासांपुढे तेथे बहुधा दिल्लीचे नाव असते. आपली प्रमाणवेळ १९०६ सालापासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर ठरलेली, पण मुंबईने ती सहजासहजी मान्य केली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, असणारी आपली स्वतंत्र वेळ या शहराने १९५५ पर्यंत कोठे ना कोठे चालू ठेवली होती. हे कॅमेरे अर्धशतक आधी निघते तर त्या नकाशावर मुंबईसाठी निराळा ठिपका मांडण्याची तजवीज जपानी अभियंत्यांना करावी लागली असती, आणि ती त्यांनी कुरकुर न करता केली असती असे मला वाटते, कारण काठमांडूच्या पावणेसहा तासांसाठी ती त्यांनी केलेलीच आहे.

तारखेविषयी माझा इतका आग्रह का, असे कोणी विचारील तर त्याने मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल पत्रे चाळावीत. कित्येक पत्रांवर चंद्र, म्हणजे चांद्रमासाचा दिवस, आहे, महिना आहे, आणि सन मात्र नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो ठाऊकच होता, मग लिहावयाचा कशाला? गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड निघाले, त्यांच्यासारख्या कामात केवळ मजकुरावरून साल ठरविण्यात अभ्यासकांची किती शक्ती गेली असेल याची कल्पना ज्याला आहे, तो कॅमेऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला ‘नंतर बघू’ असे उत्तर देणार नाही. आपल्या घरची चित्रे इतिहाससंशोधक तपासणार नाहीत हे खरे, पण नातवंडे तपासतील, आणि फोटोतील सोफ्याचे कापड पाहून साल ठरविण्याची वेळ त्यांच्यावर येईल.

घड्याळाखालोखाल महत्त्व क्रमांकाचे. येथे दोन पर्याय असतात: क्रमांक अखंड चालू ठेवावा, किंवा प्रत्येक नव्या कार्डागणिक एकपासून आरंभ करावा. दुसरा पर्याय नीटनेटका वाटतो आणि तोच घातक ठरतो. कारण दोन कार्डांवरील शंभरावे चित्र एकाच नावाचे निघते, आणि ती दोन्ही संगणकाच्या एकाच फोल्डरात उतरवू गेले असता संगणक शांतपणे विचारतो की जुन्याच्या जागी नवे ठेवू काय, आणि घाईत असलेला मनुष्य ‘होय’ म्हणून मोकळा होतो. अखंड क्रमांकाच्या पद्धतीत मात्र मला आमच्या कचेरीतील वृद्ध बारनिशी कारकुनाचा काटेकोरपणा दिसतो. घातलेल्या कार्डावर आधीच मोठ्या क्रमांकाची चित्रे असली, तर कित्येक कॅमेरे स्वतःचा क्रमांक सोडून त्याच्यापुढून मोजावयास लागतात, जेणेकरून एका नावाची दोन चित्रे होऊ नयेत. ९९९९ झाले की नवे फोल्डर उघडून पुन्हा एकवर येतात.

ही नावे देण्याचा जाबता प्रत्येक कंपनीने आपापल्या लहरीप्रमाणे ठरविला असता तर केवढा गोंधळ माजला असता! परंतु १९९८ साली जपानी उत्पादकांनी डीसीएफ नावाचा एक करार सर्वांसाठी ठरवून घेतला. कार्डावर डीसीआयएम नावाचे एक फोल्डर असावे, त्यात १०० ते ९९९ यांपैकी आकड्याने सुरू होणारी उपफोल्डरे असावीत, चित्राच्या नावात पहिली चार अक्षरे कंपनीची आणि पुढील चार आकडे क्रमांकाचे असावेत, इतकाच त्याचा सारांश. कॅननने आयएमजी घेतले, निकॉनच्या छोट्या कॅमेऱ्यांनी डीएससीएन घेतले. ऑलिम्पसने तर त्या चार अक्षरांतच महिना आणि दिवस बसविला, आणि महिन्यासाठी एकच जागा उरल्यामुळे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांना ए, बी, सी ही अक्षरे दिली. एवढ्या अरुंद जागेत एवढा मजकूर बसविणाऱ्या त्या अज्ञात योजकाला आमच्या खात्यात बढती मिळाली असती की नाही हे सांगवत नाही, पण मी तरी त्याची शिफारस केली असती.

उरलेल्या कलमांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. टीव्हीवर चित्रे दाखवावयाची झाल्यास पाल आणि एनटीएससी यांतून आपल्याकडे पाल निवडावे लागे, नाहीतर दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींना रंग उडालेले, लोळणारे चित्र पाहावे लागे. भाषांच्या यादीत युरोपातील झाडून साऱ्या भाषा असत. निकॉनच्या नंतरच्या काही कूलपिक्स कॅमेऱ्यांत हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू यांच्या पंक्तीला मराठीही येऊन बसली, ही गोष्ट फारच थोड्या मराठी मालकांच्या लक्षात आली असावी. कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांत काही वर्षे ‘माय कॅमेरा’ नावाचा एक स्वतंत्र रकानाच होता. त्यात कॅमेरा जागा होतानाचे चित्र आणि ध्वनी, बटणांचा आणि शटरचा आवाज हे सारे निवडता येई, एक संच विज्ञानकथेच्या थाटाचा तर दुसरा प्राण्यांचा. या यंत्रांचे खरे शटर जवळजवळ निःशब्दच असते आणि जो ‘खट्’ असा आवाज आपण ऐकतो तो केवळ आपल्या समाधानासाठी स्पीकरमधून वाजविलेला असतो, हे कळल्यापासून मी तो कायमचा बंद केला, आणि त्यामुळे कीर्तनाच्या पूर्वरंगातही बुवांची समाधी भंग न करता मला चित्रे घेता आली.

एका कलमाविषयी मात्र सावध करणे अवश्य आहे, ते कार्ड फॉरमॅट करण्याचे. ज्या चित्रांवर किल्लीची खूण करून आपण ती सुरक्षित मानतो, ती साध्या पुसण्याने पुसली जात नाहीत, पण फॉरमॅटच्या हुकुमापुढे त्या किल्लीचे काही चालत नाही. कार्डाच्या कडेला जी सरकणारी बारीक पट्टी असते तिच्यावरही फार विसंबू नये. ती यंत्राला केवळ इशारा देते, तो पाळावयाचा की नाही हे यंत्राच्या मर्जीवर असते. समाधानाची बाब एवढीच, की साध्या फॉरमॅटने बहुधा चित्रांची सूची तेवढी जाते, चित्रे त्यांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तेथेच पडून असतात. म्हणून असा प्रसंग ओढवल्यास त्या कार्डावर एकही नवे चित्र घेऊ नये आणि ते जाणकाराच्या हवाली करावे.

आता कंपन्यांनी सजवून दिलेल्या तबकडीकडे वळू. खोक्यात बॅटरी, तारा, मनगटाचा दोर आणि वॉरंटीचा कागद यांच्या तळाशी कागदी पाकिटात एक सीडी असे, आणि तिच्यावर कॅमेऱ्यासोबत विनामूल्य मिळालेले सॉफ्टवेअर. ते मालकाला सोयीचे व्हावे आणि त्याबरोबरच मालक आपल्या छत्राखाली राहावा असे दोन्ही हेतू कंपनीच्या मनात असत. पहिला हेतू काही अंशी सफळ झाला हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चित्रे जोडून विस्तीर्ण देखावा करणारे फोटोस्टिच हे कॅननचे सॉफ्टवेअर मला आजही आठवते. कॅमेऱ्यात त्यासाठी निराळी योजना असे: पहिले चित्र घेतले की त्याची एक कड पडद्यावर राही, आणि तिच्याशी जुळवून, सुमारे एकतृतीयांश ते निम्मा भाग परत येईल अशा बेताने, दुसरे चित्र घ्यावे लागे. सिंहगडाच्या कड्यावरून राजगड आणि तोरणा एकाच पट्टीत आणताना मधून चालत गेलेला ताकवाला दोनदा येई आणि एखाद्या झाडाचा शेंडा खांद्यापासून तुटे. पण हात, डोळा आणि यंत्र यांची जी जुळवाजुळव त्यात करावी लागे तिचा आनंद मोबाइल नुसता फिरवून आपोआप होणाऱ्या देखाव्यात मला सापडत नाही.

बाकीच्यांची कहाणी राजवंशांच्या वंशावळीसारखी आहे. निकॉनचे निकॉन व्ह्यू गेले आणि पिक्चरप्रोजेक्ट आले, त्याच्यामागून व्ह्यूएनएक्स आणि त्याचे वारस, आणि २०२१ साली एनएक्स स्टुडिओ; कॅननच्या झूमब्राउझरनंतर इमेजब्राउझर ईएक्स; सोनीचे पिक्चर मोशन ब्राउझर गेल्यावर प्लेमेमरीज. कोडॅकने कॅमेऱ्यावर ‘शेअर’ नावाचे बटणच बसविले, २००१ साली ओफोटो ही इंटरनेटवरील चित्रशाळा विकत घेतली, तिला पुढे ईझीशेअरचे नाव दिले, आणि २०१२ सालच्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर जुलैत ती चित्रशाळाही बंद झाली.

अशाच एका सॉफ्टवेअरात, जिचे नाव घेण्यात हशील नाही अशा एका कंपनीच्या, मी आमच्या आईच्या हयातीतील चित्रांखाली मथळे लिहीत गेलो: कोण कोणाची आत्या, कोठला वाडा, कोणते सोवळे. ते मथळे चित्रांच्या फाइलींत न जाता त्या सॉफ्टवेअरच्या खाजगी कोठडीत साठत होते ही गोष्ट माहितीपुस्तकात ठळकपणे सांगितलेली नव्हती. संगणक बदलला, नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालेना. कंपनीकडे चौकशी केली तेव्हा नवी आवृत्ती घ्या असे उत्तर आले, नवी आवृत्ती उतरवू गेलो तर ती जुनी आवृत्ती बसविलेली असल्याचा पुरावा मागू लागली, आणि जुनी ज्या तबकडीवर होती ती घालावयास नव्या संगणकाला खाचच नव्हती. सरकारी कचेरीत फाइल फिरताना मी पुष्कळ पाहिली आहे; इतक्या थोड्या टेबलांत इतके पूर्ण वर्तुळ काढणारी फाइल मात्र पाहिली नव्हती. चित्रे सगळी शाबूत आहेत, तारखा आणि क्रमांक शाबूत आहेत. आत्या कोणाची हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

डीपीओएफची गोष्टही थोडी सांगण्याजोगी आहे. कोणत्या चित्राच्या किती प्रती छापावयाच्या याचा हुकूम कॅमेऱ्यातच लिहून तो कार्डावर एका छोट्या फाइलीत ठेवावा, आणि छपाईवाल्याने तो वाचून बरहुकूम छपाई करावी, अशी ही योजना कॅनन, कोडॅक, फुजी आणि मात्सुशिता यांनी मिळून आखली होती. मी एका संध्याकाळी बसून पाव्हण्यारावळ्यांच्या हिशेबाने प्रती नोंदल्या आणि कार्ड घेऊन आमच्या गावातील स्टुडिओत गेलो. मालकाने कार्ड संगणकात घातले, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काका, सगळे काढायचे का निवडून देताय?’’

जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे जगभर रवाना झाले. त्यानंतर मोबाइलने हा व्यापार इतक्या झपाट्याने खाल्ला की छोटा कॅमेरा आज कपाटातच अधिक आढळतो. मोबाइल आपले घड्याळ स्वतःच लावून घेतो, मुलूख बदलला की तेही ओळखतो, तारखेविषयी कोणास विचारीत नाही. पण त्याच्या पोटात डोकावून पाहिले तर चित्रे ठेवलेली जागा तीच, डीसीआयएम नावाची, आणि नोंद तीच, एक्झिफची. कंपन्यांनी एकमेकांत बसून केलेला तो नीरस करार त्या कंपन्यांच्या साऱ्या शोभिवंत तबकड्यांना पुरून उरला.

ज्या वाचकांच्या कपाटात असा कॅमेरा पडून असेल त्यांना माझी विनंती आहे, की तो एकदा बाहेर काढावा. बॅटरी फुगली असेल तर तिला चार्ज करण्याच्या भानगडीत पडू नये. कार्ड काढून कार्डरीडरने डीसीआयएम हे सबंध फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवावे, कोणत्याही विशेष सॉफ्टवेअरच्या हवाली करू नये. त्यातील माणसांची नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना शेजारी बसवून, ती नावे फोल्डरच्या नावातच किंवा शेजारी ठेवलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून घ्यावीत. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि कार्ड पुसण्यापूर्वी ती प्रत उघडून पाहावी.